मऊ अस्तर

३ जानेवारी

आईनं रक्त ओकलं. लाल नाही — काळं, कॉफीच्या गाळासारखं. दुपारी दीड वाजता, स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये. मी लॅबमधून जेवायला घरी आले होते म्हणून दिसलं तरी. नाहीतर तिनं नळ सोडून सगळं धुऊन टाकलं असतं आणि संध्याकाळी म्हणाली असती, "काही नाही गं, जरा मळमळलं." ओळखते मी तिला!

ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात धरून म्हणते काय — "बादलीतली चादर वाळत घालायची राहिली."

मी रडले. तिच्यासमोर नाही, गाडीतून उतरल्यावर.

४ जानेवारी

तोंडातून नळी घालून पोट बघितलं. जठरात व्रण आहे, बोटाच्या पेराएवढा. तिथूनच रक्त आलं. व्रण करणारा एक जंतू असतो म्हणे, पोटातल्या आम्लातसुद्धा मजेत राहतो. कितीतरी लोकांच्या पोटात तो असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो. आईला मात्र भोवला.

पोटाचे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी, दर वाक्यानंतर पेन टकटक वाजवतात.

नळी घालण्याआधी नर्सनं कवळी काढायला सांगितली. आईनं पाठ फिरवून काढली, रुमालात गुंडाळली, डबीत घातली, डबी पर्समध्ये टाकली, आणि चेन लावून मग पर्स माझ्या हातात दिली. मला हसूच आलं. माझ्यापासून काय लपवायचं? सव्वीस वर्षं मी कवळ्या बनवतेय. तिची तर मी स्वतः बनवली. तिच्या टाळूवरची रेघ न् रेघ मला पाठ आहे.

७ जानेवारी

घरी आणलं. चौदा दिवस गोळ्या, सकाळी मूठभर, संध्याकाळी मूठभर. एकही चुकवायची नाही, नाहीतर जंतू चिवट होतो.

आईनं डॉक्टरांचं नाव पोटोबा ठेवलंय. "पोटोबानं काय सांगितलं? कॉफी चालेल?" नाही चालणार. "मग पोटोबाला म्हणावं, तूच ये इथे राहायला, मी जाते."

खालच्या मजल्यावरची शेजारीण बघायला आली. बघायला कसली, ऐकायला. आणि आईनं तिच्यासमोर टोपलीतलं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला! मऊ खायला सांगितलंय, पोटात जखम आहे, आणि ही बया सफरचंद चावून दाखवतेय! "बघा, वरची सगळी बसवलेली. खालचे सहा तेवढे माझे. लेकीनं केलीय. आठ वर्षं झाली, जागची हलत नाही!"

हा तिचा जुनाच खेळ. बसस्टॉपवर, जिन्यात, बँकेच्या रांगेत. पर्समध्ये एक सफरचंद असतंच.

ओरडले तिला. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं.

११ जानेवारी

आज डोकं फिरलं. एक निवृत्त शिक्षक आले, म्हणे कवळी बोलताना वाजते. वाजते! दोन दिवसांपूर्वी नेली, तोंडाला सवय होऊ द्याल की नाही? मी त्यांना तोंडावर म्हटलं, "सव्वीस वर्षांत माझं काम परत आलेलं नाही." बिचारे पुन्हा येतो म्हणाले आणि निघून गेले. डॉक्टरबाई — दवाखाना त्यांचा, मागची लॅब माझी — बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, तक्रार कवळीची आहे, तुझी नाही."

माझ्यासाठी ते एकच आहे. त्याला मी काय करू?

घरी येऊन आईला सांगितलं. ती हसायला लागली. "तुझ्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा."

"मग घालू नये!"

"मी नाही बाई घालत."

खरंय. अडीच वर्षांपूर्वी एकदाच म्हणाली होती, कवळी टोचते. चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नव्हते. हिरड्या तिच्या झिजल्या, त्यात माझ्या कवळीचा काय दोष? पाचव्या दिवशी आतून मऊ अस्तर घालून दिलं, उशीसारखं. त्यानंतर एका शब्दाची तक्रार नाही. उलट म्हणते, आता कळतसुद्धा नाही की तोंडात काही आहे. रात्रीही काढत नाही, इतकी सुखाची झालीय.

२१ जानेवारी

गोळ्या संपल्या. सुटलो एकदाचे!

४ मार्च

सुटलो कसले. आज तपासणी होती. पिशवीत फुंकर मारायची, त्यावरून जंतू आहे की गेला ते कळतं. आहे.

पोटोबा पेन वाजवत म्हणाले, "गोळ्या चुकल्या असतील."

"एकही नाही," आई म्हणाली.

"बऱ्याचदा लक्षात राहत नाही, आजी."

मला आईचाच राग आला. मी दिवसभर लॅबमध्ये. दुपारी जेवायला येते तेवढीच. तिनं घेतल्या की खिडकीतून फेकल्या, कुणी बघितलंय?

५ मार्च

दादाचा फोन. तो बसलाय चारशे मैलांवर, आणि मला विचारतो — "तुझं लक्ष नव्हतं का?"

माझं लक्ष! बारा वर्षं आई माझ्याकडे आहे. हा वर्षातून दोनदा येतो, येताना फळं आणतो आणि आईच्या खोलीत बसून डोळे पुसतो. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय बोलणार? फोन ठेवला आणि सगळा राग आईवर काढला.

नको ते बोलले. "तुला बरं व्हायचंच नाहीये. तुला सगळ्यांनी भोवती नाचायला हवंय." असं बोलले मी. लिहून ठेवतेय, म्हणजे विसरता येणार नाही.

ती म्हणाली, "मी सगळ्या घेतल्या गं." दोनदा म्हणाली. मग उठून बाथरूममध्ये गेली, दार लावलं, बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा तोंडात लवंग होती. हल्ली सतत लवंग चघळते. तोंडाला चव नाही म्हणते.

७ मार्च

दुसरा कोर्स. यावेळच्या गोळ्या वेगळ्या, जास्त कडक. यावेळी मी समोर उभी राहते. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर. गोळी, पाणी, गीळ. मग —

"आ कर. जीभ वर कर. गाल ओढ."

त्र्याहत्तर वर्षांची बाई तोंड उघडून बसते आणि मी मोबाईलचा दिवा आत मारते. तुरुंगातल्या पहारेकऱ्यासारखी. दिव्यात कवळी चमकते. काय बसलीय! कडेला कुठे फट नाही. गोळी शोधायची सोडून मी माझंच काम बघत राहते.

तिच्या श्वासाला लवंगेचा भपकारा येतो. इतक्या लवंगा कशाला खातेस म्हटलं, तर म्हणे, "तू इतक्या जवळून बघतेस, मला लाज वाटते."

१३ मार्च

गोळ्यांनी तिला शिसारी येते. जिभेला लोखंडाची चव. तीन किलो उतरली. बांगडी आपोआप मनगटावरून खाली येते.

आ कर. जीभ वर कर.

२० मार्च

संपला कोर्स. शेवटच्या गोळीनंतर मी दिवा लावलाच नाही. तिनं आपण होऊन तोंड उघडलं.

२३ एप्रिल

गेला! जंतू गेला! फुंकर स्वच्छ! पोटोबासुद्धा हसले, पहिल्यांदाच, आणि पेन खिशात ठेवलं.

येताना बसमध्ये आईनं पर्समधून सफरचंद काढलं, चावलं, अर्धं मला दिलं. समोरच्या बाईला म्हणाली, "कवळी आहे माझी. वाटत नाही ना? हिनंच केलीय." बाई म्हणाली, अय्या! मी खिडकीबाहेर बघत राहिले. किती दिवसांनी असं सुखाचं वाटलं.

दादाला फोन करून सांगितलं — बघ, माझं लक्ष असलं की काय होतं!

२ जून

सगळं ठीक. काम फार. लिहायला वेळ नाही.

९ जुलै

पुन्हा. परवापासून पोटात कळा, आज शौचाला डांबरासारखं काळं. फुंकर मारायला लावली. आहे. परत आहे!

पोटोबांनी जुने कागद काढले, शेजारीशेजारी मांडले. म्हणाले, "एप्रिलमध्ये पोट साफ झालं होतं. अडीच महिन्यांत हा आला कुठून?"

मला विचारलं, घरात आणखी कोण? फक्त मी. माझीही फुंकर घेतली. माझं काही नाही. पाणी? उकळून. बाहेरचं खाणं? कधीच नाही.

मग म्हणाले, "तोंड कसं आहे यांचं? दातांवर किटण? कवळी वगैरे?"

त्यांनी समजावून सांगितलं ते असं — गोळ्या पोटात काम करतात. पण दातांवर, कवळीवर जो चिकट थर साठतो त्यात औषध नीट शिरत नाही. काही तपासण्यांमध्ये तिथेही हा जंतू सापडलाय. तिथे लपून बसतो, पोटातले जंतू मेले की घासाबरोबर पुन्हा खाली उतरतो — असं काही जणांचं म्हणणं आहे. "पक्कं कुणी सांगत नाही. पण बघून घ्यायला काय हरकत आहे? कवळी कुठे केलीत?"

"मी केलीय," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं की बाहेरच्या नर्सनं डोकावलं.

"अरे वा. मग तुम्हाला सांगायला नकोच."

आई खाली बघत होती. पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

१० जुलै

संताप! हा पोट बघणारा मला कवळ्या शिकवणार? स्वतःला इलाज सापडत नाही, म्हणून आता माझ्या कामावर ढकलतोय. माझ्या कवळीत जंतू! माझ्या!

आईला म्हटलं, "काढ बघू, दाखव मला." तर म्हणे, "आत्ता नको, हिरडी दुखतेय." मीही सोडून दिलं.

का सोडून दिलं?

१३ जुलै

आज लॅबमध्ये एका म्हाताऱ्या सुताराची कवळी आली. मऊ अस्तराची. वर्षभर बदललंच नव्हतं. हातमोजे घालून पाण्याखाली धरली तरी वास जाईना. मऊ अस्तर असतंच तसं — स्पंजासारखं, दिसत नाहीत अशी भोकं. ताजं असतं तोवर उशी. जुनं झालं की गटार. मी सुताराला चांगलं झापलं. "काका, वाचता येतं ना?" आणि बोट दाखवलं भिंतीवरच्या पाटीकडे.

पाटी माझ्याच अक्षरातली. अकरा वर्षांपूर्वी लाल रंगात लिहिलेली —

मऊ अस्तर तीन महिन्यांत बदला. रात्री कवळी काढून ठेवा.

बोट तसंच राहिलं वर. सुतार म्हणाला, "चुकलं बाई." मी खुर्चीवर बसले.

अडीच वर्षं म्हणत होते ना मी? आता तीन वर्षं झाली.

महिनाभरापुरतं घातलं होतं. महिन्याभरात नवी करून देते म्हटलं होतं. मग ती म्हणाली, कळतसुद्धा नाही तोंडात काही आहे. आणि मी विसरले. विसरले नाही — मला वाटलंच नाही की माझ्या कामाला मुदत असते. लोकांच्या कवळ्यांना मुदत, माझ्या आईच्या कवळीला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१५ जुलै

आज पुन्हा नळी. यावेळी आईला आधीच ग्लानीचं इंजेक्शन दिलं होतं, म्हणून कवळी नर्सनं काढली. स्टीलच्या वाटीत घालून माझ्या हातात आणून दिली. नाक मुरडलं तिनं. लपवायचा प्रयत्न केला बिचारीनं, पण मी बघितलं.

वाटीवर रुमाल टाकला. सरळ लॅबमध्ये गेले. दवाखान्याची दुपारची सुट्टी होती, कुणी नव्हतं.

बाहेरून काय सुंदर! दात लख्ख, रोज घासलेले. ब्रशचे बारीक चरे दिसत होते. इतकी निगा. उलटी केली. आतलं गुलाबी अस्तर राखाडी झालेलं, कडा सुटलेल्या, मध्ये काळे ठिपके. चाकूचं टोक घातलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखं निघून आलं. खाली पिवळट चिकट थर. वास — मी सव्वीस वर्षांत कधी मास्क काढून पळाले नव्हते. आज पळाले. मोरीवर ओकले.

मग परत येऊन सगळं खरवडलं. एक एक कण. प्लास्टिकला मात्र ओरखडा पडू दिला नाही. सवय!

हे तिच्या टाळूला तीन वर्षं चिकटलेलं होतं. दिवसरात्र. आणि मी तिला म्हणत होते आ कर, जीभ वर कर. गोळी शोधत होते. गोळी!

आणि तिनं सगळ्या घेतल्या होत्या.

१६ जुलै

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं, तेही सहन होईना. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, आधी तिला नवी कर, खालचे सहा दात मी साफ करते, मग गोळ्या. पोटोबांशीही त्याच बोलल्या. त्यांनीही हेच सांगितलं — यावेळी तोंड आणि पोट दोन्ही एकदम.

व्रण मात्र खोल गेलाय. तो भरायला वेळ लागेल म्हणाले.

आईला खरं सांगितलं नाही. म्हटलं, "जुनीचा रंग उतरलाय, नवी करते."

"बरं," म्हणाली. एवढंच. एरवी दहा प्रश्न विचारते.

१८ जुलै

आज तिचा ठसा घेतला. आठ वर्षांनी. हिरडी लाल, सुजलेली, सालं निघालेली. माझ्या बोटांना कळत होतं तिला दुखतंय, पण तिनं हूं की चूं केलं नाही. ट्रे तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे.

कवळीशिवाय तिचे ओठ आत गेलेत. इतकी लहान दिसते! दोन दिवस ती कुणासमोर आली नाही. शेजारीण आली तर आतूनच ओरडली, "झोपलेय मी!"

२२ जुलै

नवी बसवली. रात्रीच्या रात्री नाही, चार दिवस नीट लावून केली. अस्तर नाही. आतून काचेसारखी गुळगुळीत. अशी मी आजवर कुणाचीच केली नसेल.

तिनं आरशात बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. मग म्हणाली, "सफरचंद आण."

"आई, पोट—"

"चावत नाही गं. नुसतं हातात धरते."

तिसरा कोर्स सुरू. सकाळच्या गोळ्या घेऊन तिनं सवयीनं तोंड उघडलं. मी तिचं तोंड हातानं मिटवलं.

२५ जुलै

सकाळी आठला किंचाळली. पोट दगडासारखं. व्रण फुटला. जठराला आरपार भोक पडलंय. लगेच ऑपरेशन. हे लिहितेय ते बाहेरच्या बाकावर बसून.

आत नेण्याआधी पाच मिनिटं मिळाली. स्ट्रेचरवर होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर कधी? वाकले आणि म्हटलं, "आई, जुन्या कवळीचं ते अस्तर मी बदललं नाही. तीन वर्षं. त्यातूनच सगळं—"

"गप गं."

"नाही, ऐक ना, माझ्यामुळे—"

"माझ्या कवळीला नाव ठेवायचं नाही." दम लागत होता तरी डोळे वटारले. "वाघाच्या तोंडात हात घालतेस?"

हसली. नवी कवळी दिसली. मग नर्सनं वाटी पुढे केली, आणि यावेळी आईनं पाठ न फिरवता, माझ्याकडे बघत, स्वतः काढून माझ्या हातात दिली.

वाटी मांडीवर आहे. कोमट होती, आता गार झालीय.

२७ जुलै

ऑपरेशन झालं. शुद्धीवर नाही. पोटभर पू पसरलाय म्हणतात.

२८ जुलै

दादा आला. काचेतून बघतो आणि रडतो. मला रडू येत नाही.

२९ जुलै

आई गेली. सकाळी सव्वासहाला.

३० जुलै

काल लिहिता आलं नाही.

तिला तयार करणाऱ्या बाईनं विचारलं, "दात बसवायचे का?" मी म्हटलं, मी बसवते. सगळ्यांना बाहेर काढलं. जबडा ताठ झाला होता. हजारो तोंडांत घातलेत हे हात, पण जिभेनं उलट जोर न लावणारं तोंड हे पहिलंच. ओठ परत जागेवर आले, गाल भरले, आई आईसारखी दिसायला लागली. नवी कवळी तिनं तीन दिवस वापरली.

शेजारीण म्हणाली, "किती शांत दिसतात. आणि दात कसे छान!"

मी दातओठ खाऊन तिथून निघाले. तिच्यावर नाही रागावले. बोलली ते खरं होतं.

२ ऑगस्ट

पोटोबांना भेटून आले. सरळ विचारलं — माझ्यामुळे गेली का? बराच वेळ पेन वाजवलं त्यांनी. म्हणाले, "छातीठोक कुणीच सांगू शकणार नाही. वय होतं. व्रण जुना होता. तोंडातून परत आला असेल, नसेलही."

असेल, नसेलही. येताना बसमध्ये हेच घोळवत होते. मला नसेलही हवं होतं. असेल ऐकू येत होतं.

४ ऑगस्ट

दादा आज परत गेला. जाताना पाया पडायला वाकला माझ्या! मोठा भाऊ! "मार्चमध्ये बोललो ते मनात ठेवू नकोस. आईसाठी जे तू केलंस ते मी जन्मात करू शकलो नसतो. तिचे दातसुद्धा—"

सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं मी. पण तो रडत होता, टॅक्सीवाला हॉर्न देत होता, आणि मी म्हटलं, "पोचलास की फोन कर."

भ्याड आहे मी. लोकांना झापायला वाघ, आणि स्वतःची चूक सांगताना दातखीळ बसते.

७ ऑगस्ट

कामावर गेले. पाटी काढली. डॉक्टरबाई म्हणाल्या, राहू दे, पाटीत चूक काही नाही. परत लावली.

जानेवारीतल्या त्या शिक्षकांना फोन करून बोलावलं. कवळी खरंच वाजत होती. डावीकडून केसभर उंच. घासून दिली. "इतके दिवस का नाही आलात?" म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही रागावाल असं वाटलं."

११ ऑगस्ट

आईचं कपाट आवरलं. पर्स तेवढी राहिलीय. ती उद्या.

१२ ऑगस्ट

पर्स. एक सुकलेलं सफरचंद, लवंगांची डबी, आणि डबीखाली चार घड्या घातलेला कागद. शहराच्या दुसऱ्या टोकाचा कुणी दातांचा दवाखाना, दोन बस बदलून जावं लागतं. तारीख गेल्या वर्षीची, १९ ऑक्टोबर. पहिलं रक्त पडायच्या अडीच महिने आधीची. डॉक्टरच्या अक्षरात — वरची कवळी, मऊ अस्तर कुजले आहे, दुर्गंधी, जंतुसंसर्गाचा धोका, बनवणाऱ्याकडून त्वरित बदलून घेणे.

वरच्या बाजूला छापील रकाने. ते पेशंटनं भरायचे असतात. नाव, वय, पत्ता — आईचं वाकडंतिकडं अक्षर. शेवटचा रकाना, कवळी कोणी बनवली? त्यापुढेही तिचंच अक्षर —

आठवत नाही.